संघात घेतलं, पण जागा कुठे होती? लॅरी डोबीचं १९४७

१९४७च्या मोसमात कृष्णवर्णीय बेसबॉलपटू लॅरी डोबी क्लीव्हलँड इंडियन्सकडून २९ सामन्यांत दिसला. बॅटिंगच्या ३२ नोंदी, त्यात ५ हिट (बेस गाठून देणारे फटके) आणि ११ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद). सरासरी, म्हणजे हिट भागिले नोंदी, .१५६. बेसबॉलमध्ये .३००ची सरासरी म्हणजे उत्तम, .२५० म्हणजे चालवून घेण्यासारखी आणि .१५६ म्हणजे सामान बांधा. पुढच्या वर्षी त्याच माणसाने त्याच संघाकडून १२१ सामने खेळून .३०१ची सरासरी काढली, १४ होमरन (एकाच फटक्यात सगळ्या बेसांची फेरी) मारले आणि संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. मधल्या हिवाळ्यात त्याची नजर किंवा मनगट काही नवं झालं नव्हतं. अमेरिकाही होती तशीच होती. मग बदललं काय, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या वरच्या पातळीच्या बेसबॉलचे, म्हणजे मेजर लीगचे, दोन भाग आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. दोन्हींचे विजेते मोसमाच्या शेवटी वर्ल्ड सिरीजमध्ये भिडतात. १८८४मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून मेजर लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर साठ वर्षं दार बंद. तशी बंदी नियमांच्या पुस्तकात कुठेही छापलेली नव्हती. मालक मंडळींनी आपसात पाळलेली रीत होती ती, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची हेही कळत नसे. १५ एप्रिल १९४७ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून नॅशनल लीगमध्ये उतरला आणि ती रीत मोडली. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, ५ जुलैला, डोबी अमेरिकन लीगमध्ये उतरला. आपल्या लीगमध्ये तोही पहिलाच. पण अकरा आठवडे उशिरा आलेल्या पहिल्याला लोक दुसरा म्हणतात, आणि दुसऱ्याची गोष्ट कोणी सांगत बसत नाही.

डोबीचा जन्म १३ डिसेंबर १९२३चा, साउथ कॅरोलायनातल्या कॅम्डेनमधला. वडील लहानपणीच गेले. तो पौगंडावस्थेत न्यू जर्सीतल्या पॅटरसनला आला आणि ईस्टसाइड हायस्कूलमध्ये बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि ट्रॅक अशा चारही खेळांत चमकला. तिथला एक किस्सा या प्रकरणासाठी महत्त्वाचा आहे. शाळेच्या फुटबॉल संघाला फ्लोरिडात एका सामन्याचं आमंत्रण आलं, पण संघातल्या एकमेव कृष्णवर्णीय मुलाला, म्हणजे डोबीला, खेळू देणार नाही अशी अट होती. पोरांनी मत घेतलं आणि जायचंच नाही असं ठरवलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना जे सुचलं, ते मेजर लीगच्या मालकांना सुचायला अजून बराच काळ जायचा होता.

१९४२मध्ये अठरा वर्षांचा असताना तो न्यूअर्क ईगल्स या निग्रो लीगमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या, संघाकडून खेळू लागला. कॉलेजात हौशी खेळाडू म्हणून खेळता यावं यासाठी त्याने नाव लावलं लॅरी वॉकर. पुढे युद्ध आलं आणि तो नौदलात भरती झाला. ग्रेट लेक्सच्या प्रशिक्षण तळावर गोऱ्यांच्या बराकी वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. पॅटरसनमध्ये मिश्र संघात वाढलेल्या या मुलाला वर्णभेदाचा सरकारी शिक्का पहिल्यांदा तिथे बसला. पॅसिफिकमधल्या उलिथी बेटावर असताना रॉबिन्सनला डॉजर्सने करारबद्ध केल्याची बातमी त्याने रेडिओवर ऐकली. त्याच बेटावर वॉशिंग्टन सेनेटर्सचा गोरा खेळाडू मिकी व्हर्नन त्याला भेटला. दोघं एकत्र सराव करायचे. परत गेल्यावर व्हर्ननने त्याच्यासाठी आपल्या मालकाकडे शब्द टाकून पाहिला, पण उपयोग झाला नाही. १९४६मध्ये डोबी आणि मॉन्टी अर्व्हिन यांच्या जोरावर ईगल्सने कॅन्सस सिटी मोनार्क्सला सात सामन्यांत हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. डोबी तिथे सेकंड बेसवर, म्हणजे मैदानाच्या आतल्या भागात, खेळत होता. हे लक्षात ठेवा.

आता क्लीव्हलँड. मालक बिल व्हेक. युद्धात जखमी झाल्यामुळे पुढे एक पाय कापावा लागलेला, तोंडाने मोकळा आणि तिकीटविक्रीसाठी काहीही करायला तयार असलेला माणूस. त्याने १९४६च्या उन्हाळ्यात संघ विकत घेतला होता. रॉबिन्सनला डॉजर्समध्ये आणणारा ब्रँच रिकी आणि हा व्हेक यांच्या पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक. रिकीने ऑक्टोबर १९४५मध्ये करार जाहीर केला आणि १९४६चं पूर्ण वर्ष रॉबिन्सनला माँट्रियल रॉयल्सकडून खालच्या पातळीवर खेळवलं. गाव निवडलं तेही कॅनडातलं, जिथे वर्णभेदाचा काच कमी. बायको बरोबर, शिव्या कशा गिळायच्या याची तालीम आधीच झालेली. व्हेकचा विचार उलटा होता. फार गाजावाजा नको, लांबलचक वाट नको. खेळाडू आणायचा आणि थेट वरच्या संघात उतरवायचा.

पैशाच्या बाबतीत मात्र व्हेक रिकीपेक्षा सरळ निघाला. रिकीने रॉबिन्सनसाठी मोनार्क्सला छदामही दिला नव्हता. निग्रो लीगचे करार करारच नव्हेत, अशी त्याची भूमिका. व्हेकने न्यूअर्कच्या मालकीणबाई एफा मॅनली यांच्याशी बोलणी केली. सौदा ठरला १०,००० डॉलरचा, आणि डोबी ३० दिवस संघात टिकला तर वर ५,०००. हाच मुलगा गोरा असता तर तुम्ही लाख डॉलर मोजले असते, हे बाईंनी व्हेकला तोंडावर सुनावलं. तरी सौदा केला, कारण नाही म्हणण्यात मुलाचं नुकसान होतं. दोन वर्षांत ईगल्स विकायची वेळ त्यांच्यावर आली. चांगले खेळाडू वर गेले आणि त्यांच्यामागोमाग प्रेक्षकही गेले. एका अन्यायाचं निवारण होताना ज्यांनी तो अन्याय सोसत एक आख्खी लीग उभी केली त्यांचाच धंदा बसला, ही या सगळ्या इतिहासाची न आवडणारी बाजू. मॅनली बाईंना २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं गेलं. तिथे निवडल्या गेलेल्या त्या एकमेव स्त्री.

तर ४ जुलैला न्यूअर्ककडून शेवटचा सामना, रात्री रेल्वे, ५ जुलैला शिकागो. सोबतीला व्हेकने नेमलेला लू जोन्स नावाचा कृष्णवर्णीय जनसंपर्क अधिकारी. वय २३. मध्ये एका दिवसाचाही सराव नाही. संघ निवडणारा आणि डावपेच ठरवणारा मॅनेजर लू बूड्रो त्याला खोलीत घेऊन गेला आणि एकेकाशी ओळख करून दिली. काहींनी हात पुढे केला, काहींनी कसाबसा टेकवला, काहींनी केलाच नाही. मैदानावर आल्यावर डोबी एकटाच उभा राहिला, सरावाला कोणी जोडीदार होईना. मग सेकंड बेसचा जो गॉर्डन आला आणि म्हणाला, चल, चेंडू टाकू. पुढे दोघांचं छान जमलं.

सातव्या इनिंगमध्ये बूड्रोने त्याला पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीला आयत्या वेळी, पाठवलं. समोर चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, अर्ल हॅरिस्ट. डोबी स्ट्राइकआऊट झाला.

या क्षणाभोवती एक गोड कथा फिरते. डोबी मान खाली घालून डगआऊटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) कोपऱ्यात बसला, पुढच्या पाळीला गॉर्डन मुद्दाम स्ट्राइकआऊट झाला आणि तसाच मान खाली घालून त्याच्या शेजारी येऊन बसला, अशी. व्हेक ती रंगवून सांगायचा. पण त्या सामन्याच्या नोंदी पाहिल्या तर तसं घडलेलं दिसत नाही, आणि खुद्द डोबीनेही ती नाकारली. अशा कथा कुणाला हव्या असतात, हे बघण्यासारखं आहे. ती ऐकून गोऱ्या श्रोत्याला आपण त्या बाकावर गॉर्डनच्या जागी असल्यासारखं वाटतं. हात पुढे न करणाऱ्यांच्या जागी कोणी स्वतःला पाहत नाही.

खरा किस्सा दुसऱ्या दिवशीचा. ६ जुलैला लागोपाठ दोन सामने होते. दुसऱ्यात बूड्रोने डोबीला फर्स्ट बेसवर उतरवायचं ठरवलं. फर्स्ट बेसचा ग्लोव्ह वेगळा, मोठा असतो, आणि सेकंड बेस खेळणाऱ्याकडे तो असायचं कारण नाही. नेहमीचा फर्स्ट बेसमन एडी रॉबिन्सन आपली जागा जाते म्हणून चिडलेला. ग्लोव्ह शेवटी मिळाला, पण मध्यस्थ घालून. तपशील ज्याचा त्याचा वेगळा आहे. गाभा हा, की दुसऱ्याच दिवशी हा माणूस न खेळलेल्या जागी, मागून आणलेला ग्लोव्ह घालून, ज्याची जागा घेतली त्याच्या नाराजीसमोर उभा होता. त्या दिवशी त्याने मेजर लीगमधला पहिला हिट मारला, एक धावही आणली. आणि मोसमात सुरुवातीपासून खेळायची संधी तेवढीच! नंतर उरलेला उन्हाळा बाकावर. संघ बड्या हॉटेलात उतरायचा, डोबी वेगळीकडे. शिकागोत तो ड्युसेबल हॉटेलमध्ये राहिला. खेळ संपल्यावर इतर मंडळी एकत्र जेवायची, चूक-बरोबर चघळायची. बेसबॉलमधलं निम्मं शिक्षण तिथेच होतं. डोबीच्या वाट्याला ते आलं नाही.

.१५६ची फोड इथे करता येते. वर्णद्वेष हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. तो जॅकी रॉबिन्सनलाही पुरून उरेल इतका होता. रॉबिन्सनलाही १९४७मध्ये अनोळखी जागा मिळाली होती, योगायोगाने तीही फर्स्ट बेसच. फरक असा की तो रोज खेळला. १५१ सामने, .२९७, रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित. एप्रिलमध्ये काही दिवस त्याची बॅट गप्प होती, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव यादीत असायचं. डोबीची मुख्य जागा सेकंड बेस. तिथे जो गॉर्डन, लीगमधल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. शेजारची शॉर्टस्टॉपची जागा. तिथे खुद्द मॅनेजर बूड्रो, कारण तो खेळाडू-मॅनेजर होता! संघात ज्या दोन ठिकाणी डोबी सहज बसला असता, त्यातली एक बूड्रोने स्वतः अडवलेली. व्हेकने खेळाडू विकत घेतला तो जागा न पाहताच. बूड्रोला तर हा निर्णय जवळजवळ ऐनवेळी कळला, आणि तो त्याच्या डोक्यावर आणून ठेवलेला असल्यामुळे त्याने तो सावधपणे, बाकावर बसवूनच, हाताळला. दहा दिवसांत एकदा उठून अनोळखी पिचरसमोर बॅट फिरवायची, चुकलो तर हजारोंच्या तोंडून आपल्या सगळ्या जमातीचा उद्धार ऐकायचा. असं पिंच हिटिंग तर मुरलेल्यालाही जमत नाही.

हा माझा अंदाज नुसता डोबीवरून नाही. त्याच जुलैत सेंट लुई ब्राउन्स या तळाच्या संघाने हँक थॉम्पसन आणि विलार्ड ब्राउन या दोघांना घेतलं, तेही मुख्यतः तिकिटं खपावीत म्हणून. तयारी शून्य. ऑगस्टमध्ये विलार्ड ब्राउनने अमेरिकन लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूचा पहिला होमरन मारला, तो सहकारी जेफ हीथची बॅट घेऊन. परत आल्यावर हीथने ती बॅट मोडून टाकली. महिनाभरात दोघांनाही संघातून काढलं. थॉम्पसन पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून अनेक वर्षं उत्तम खेळला आणि विलार्ड ब्राउन २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे ब्राउन्सने ज्यांना नालायक ठरवलं ते तसे नव्हते. व्हेक आणि ब्राउन्स यांची सुरुवात सारखीच घिसाडघाईची होती. व्हेकने वेगळं काय केलं, तर .१५६ पाहूनही माणूस सोडला नाही.

१९४७ संपताना संघाचा अनुभवी कोच बिल मॅकेचनी डोबीला म्हणाला की गॉर्डन आहे तोवर सेकंड बेस विसर, आऊटफिल्ड (बेसांच्या पलीकडचं बाहेरचं मैदान) शिक. साधं वाक्य, पण सबंध उन्हाळ्यात कोणी ते बोललं नव्हतं. १९४८च्या वसंतातल्या सराव शिबिरात ट्रिस स्पीकरला त्याच्या पाठीशी लावलं. स्पीकर हा टेक्सासचा गोरा, आपल्या काळातला सर्वोत्तम सेंटर फील्डर आणि १९२०ला क्लीव्हलँडला पहिली वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा मॅनेजर. उंच उडालेल्या चेंडूकडे पाठ करून कसं पळायचं, बॅटचा आवाज ऐकून पहिलं पाऊल कुठे टाकायचं, हे त्याने डोबीकडून घोटून घेतलं. इनफिल्डमध्ये चेंडू आपल्याकडे येतो, आऊटफिल्डमध्ये आपण चेंडूच्या जागी आधी पोचायचं असतं. चोविसाव्या वर्षी ही सवय अंगात भिनवणं खायचं काम नाही. डोबीचं ट्रॅकवरचं पळणं इथे कामी आलं. मोसम सुरू झाला तेव्हा तो राइट फील्डमध्ये होता, पुढे सेंटर फील्ड त्याचं झालं.

शिबिर होतं ॲरिझोनातल्या टूसॉनला. फ्लोरिडापेक्षा इथलं वातावरण बरं, असा व्हेकचा हिशोब. पण संघाच्या हॉटेलने डोबीला खोली दिली नाही, तो गावातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे राहिला. मैदानावरचा प्रश्न सुटला तरी मैदानाबाहेरचा जागच्या जागी होता, आणि व्हेकने हॉटेलशी त्यावरून फाटेपर्यंत ताणलं नाही. त्याच्या नावावर जमा करायचं ते जमा करावं, पण हेही त्याच खात्यात लिहावं.

जुलै १९४८मध्ये व्हेकने सॅचेल पेजला आणलं. निग्रो लीगमधला दंतकथा झालेला पिचर, वय ४२. आता संघात दोघं झाले. क्लीव्हलँडच्या मैदानावर त्या वर्षी २६,२०,६२७ प्रेक्षक आले, तेव्हाचा उच्चांक.

९ ऑक्टोबर १९४८, वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, क्लीव्हलँडचं म्युनिसिपल स्टेडियम, ८१,८९७ लोक. बोस्टन ब्रेव्ह्जचा पिचर जॉनी सेन. तिसऱ्या इनिंगमध्ये डोबीने होमरन मारला, वर्ल्ड सिरीजमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने मारलेला पहिला. क्लीव्हलँडने सामना २-१ने जिंकला, म्हणजे फरक त्याच एका फटक्याचा. क्लीव्हलँडचा पिचर होता स्टीव्ह ग्रोमेक. सामन्यानंतर ग्रोमेक आणि डोबी यांनी एकमेकांना मिठी मारली आणि एका छायाचित्रकाराने ती टिपली. गालाला गाल लागलेला, दोघांचेही दात दिसताहेत, ओळखीच्या फोटोंसारखी ताठ पोज नाही. देशभरच्या वर्तमानपत्रांत तो फोटो छापून आला. ग्रोमेकला मिशिगनमधल्या आपल्या हॅमट्रामक गावात त्यावरून बोलणी खावी लागली. त्याने फारसं मनावर घेतलं नाही. ज्याने सामना जिंकून दिला त्याला मिठी मारली, इतकंच त्याचं म्हणणं. डोबीने मात्र तो क्षण जन्मभर जपला. आदल्या वर्षीच्या जुलैत याच संघातल्या काहींनी त्याचा हात धरला नव्हता. क्लीव्हलँडने सिरीज ४-२ने जिंकली, आणि त्यानंतर आजतागायत त्यांना ती पुन्हा जिंकता आलेली नाही.

पुढचं थोडक्यात. १९४९ ते १९५५ सलग सात वर्षं ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघात. १९५२ आणि १९५४मध्ये ३२-३२ होमरन मारून लीगमध्ये पहिला. १९५४ला १२६ धावा आणल्या, संघाने १११ सामने जिंकले आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला, योगी बेराच्या मागे. एकदा सेकंड बेसवर घसरत जाताना समोरच्या खेळाडूने तोंडावर तंबाखूची पिंक टाकल्याचं त्याने नंतर सांगितलं. वृत्तपत्रं त्याला घुमा, तुसडा म्हणायची. वर्षानुवर्षं एकट्याने जेवणाऱ्या माणसाला घुमा म्हणायला पत्रकाराला फार अक्कल लागत नाही. १९५७मध्ये यांकीजच्या आर्ट डिटमारने डोक्याजवळून चेंडू टाकला तेव्हा डोबीने त्याला ठोसा लगावला. दहा वर्षं साठलेलं होतं ते. १९५९ला निवृत्त झाला तेव्हा मेजर लीगमध्ये २५३ होमरन. १९६२मध्ये जपानला जाऊन चुनिची ड्रॅगन्सकडूनही खेळला. रॉबिन्सन हॉल ऑफ फेममध्ये गेला त्याच १९६२ साली. डोबीला तिथे पोचायला १९९८ उजाडलं, आणि २००३मध्ये तो वारला.

शेवटचा अध्याय १९७८चा. १९७४मध्ये डोबी क्लीव्हलँडमध्येच कोच होता, मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर मिळायची चर्चा जोरात होती आणि मिळालाही तो क्लीव्हलँडलाच. पण निवड झाली फ्रँक रॉबिन्सनची. चार वर्षांनी शिकागो व्हाइट सॉक्सने मोसमाच्या मध्यावर, ३० जूनला, डोबीला मॅनेजर केलं. पुन्हा दुसरा, आणि मालक पुन्हा बिल व्हेक. संघ आधीच घसरलेला, खेळाडू दुसऱ्याने निवडलेले, सराव शिबिर केव्हाच होऊन गेलेलं. ३७ विजय, ५० पराभव. एकतीस वर्षांपूर्वीचीच घाई, यावेळी मात्र दुसरं वर्ष मिळालं नाही. मोसम संपल्यावर व्हेकने डोबीला बाजूला केलं आणि ती जागा डॉन केसिंजरला दिली. केसिंजर संघाचा शॉर्टस्टॉप होता आणि बूड्रोसारखाच खेळत खेळत मॅनेजरकी करणार होता. १९७९च्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच तोही गेला.